मरीन एंजल एकत्र घेताय? आधी दुकानातल्या टँकची काच बघा

मागच्या दिवाळीनंतरच्या एका रविवारी मी मुंबईतल्या एका मरीन, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या माशांच्या दुकानातून तीन एंजल मासे घेऊन ठाण्याला घरी आले. चार महिन्यांत त्यातले दोन गेले, त्यांच्या भांडणावर उपाय म्हणून आणलेले आणखी दोन गेले आणि औषधं, मीठ, टेस्ट किट धरून माझे ७० हजारांच्या वर पैसे गेले. मासे मरतात, या छंदात ते धरूनच चालावं लागतं. पण मला जे सांगितलं गेलं ते अज्ञानातून सांगितलेलं नव्हतं. दुकानदाराला सगळं माहीत होतं.

माझा टँक चार फुटी, साधारण ३४० लिटरचा. तो सुरू करताना मी घाई केली नव्हती. आरओचं पाणी, लाइव्ह रॉक (उपयोगी जिवाणू असलेला समुद्री खडक), स्किमर (पाण्यातली घाण फेसातून काढणारं यंत्र), सहा आठवड्यांचं सायकल (जिवाणू जमेपर्यंत मासे न सोडता टँक चालवणं), मग दोन क्लाउनफिश. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. सॅलिनिटी, म्हणजे विशिष्ट घनतेत मोजलेला पाण्याचा खारेपणा, १.०२५. बाबा लहानपणी मला मरीन ड्राइव्हच्या तारापोरवाला मत्स्यालयात न्यायचे. एंजल मासा मी पहिल्यांदा तिथे पाहिला. आता बाबा आमच्याकडेच असतात, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्यांचं बाहेर जाणं कमी झालंय. त्यांच्या खुर्चीसमोर तसाच एक मासा असावा, एवढीच माझी इच्छा होती. एक. तीन नव्हे.

दुकानात एका टँकमध्ये बोटाएवढी तीन पिल्लं होती. गडद निळी, अंगावर पांढऱ्या रेघा. "ताई, हा एम्परर, हा कोरान, हा ब्लू रिंग," दुकानदार म्हणाला. "लहानपणापासून एकत्र वाढलेत. तिघांचा ड्रेस सेम आहे ना, त्यामुळे एकमेकांना भाऊ समजतात. एकटा नेलात तर सुकेल." मी विचारलं, भांडणार नाहीत ना? त्याने टँककडे हात केला. "समोर बघा की. भांडतायत का?"

खरंच भांडत नव्हते. दहा मिनिटं मी उभी राहून बघत होते.

बघताना एक गोष्ट मला दिसली होती. टँकच्या पुढच्या काचेवर आतून शेवाळाचा तपकिरी-हिरवा थर होता आणि त्या थरात वरपासून खालपर्यंत दोन सरळ, स्वच्छ रेघा होत्या. पेन्सिलच्या जाडीच्या, एकमेकींपासून साधारण फूटभर अंतरावर. मागच्या काचेवरही अगदी समोरासमोर तशाच दोन. वर, टँकच्या कडेवर पाण्याचे ताजे ओघळ होते. मला वाटलं, स्क्रॅपर फिरवला असेल. स्क्रॅपर पट्टा काढतो, रेघ नाही. रेघ ॲक्रिलिकच्या डिव्हायडरची, म्हणजे टँकचे कप्पे करणाऱ्या पारदर्शक शीटची असते. शीट काचेला जिथे टेकते तिथे शेवाळ धरत नाही. म्हणजे हे तिघं आठवडेच्या आठवडे वेगवेगळ्या कप्प्यांत होते आणि शीट मी यायच्या थोडं आधी उचललेली होती. नवा, मोकळा झालेला टँक बघून मासे तेवढा वेळ बिचकलेले असतात. त्या बिचकण्यालाच तो "भाऊ" म्हणत होता.

हा तर्क माझा एकटीचा नाही. फेब्रुवारीत मी काही न कळवता पुन्हा त्या दुकानात गेले, तेव्हा तिथला पोरगा एका जोडप्यासमोरच्या टँकमधून हलकेच शीट उपसत होता. शीटवरून पाणी निथळत होतं आणि दुकानदार त्या दोघांना म्हणत होता, "एकत्र वाढलेत."

आता त्या "सेम ड्रेस"बद्दल, कारण खोटेपणाचं मूळ तिथेच आहे. पोमॅकॅन्थस या वंशातल्या बहुतेक मोठ्या एंजलांची पिल्लं निळी-पांढरी असतात आणि वाढताना पूर्ण रंग बदलतात. सारखा रंग म्हणजे माया नव्हे, सारखा रंग म्हणजे प्रतिस्पर्धी. हा मासा दिवसभर खडक कुरतडत फिरतो आणि आपला खडक राखतो. आपल्यासारखाच दिसणारा, तेच खाणारा दुसरा मासा तो सहन करत नाही. एकाहून जास्त एंजल ठेवणारे अनुभवी लोक म्हणूनच नेमकं उलटं करतात. वंश वेगळा, रंग वेगळा, आकारात फरक, सगळ्यात लाजरा मासा आधी आणि दांडगा शेवटी. आणि टँक मोठा. एम्परर पूर्ण वाढला की ४० सेंटीमीटरपर्यंत जातो, एकट्यालाच सहा-सात फुटांचा टँक लागतो. माझ्या चार फुटांत तो मोठा होणारच नव्हता, आणि टँकचं माप मी दुकानात पहिल्याच वाक्यात सांगितलं होतं.

घरी पहिल्या रात्री सगळं शांत होतं. दुसऱ्या रात्री हॉलमधून आवाज आला. टक्, थांबून परत टक्. मला वाटलं पंप बिघडला. टॉर्च लावून पाहिलं तर "एम्परर" कोरानला खडकाच्या कपारीत दाबून उभा होता आणि तो ठोका त्या माशांकडून येत होता. मोठे एंजल असा आवाज काढतात हे मी तेव्हा शिकले. एंजलच्या गालाखाली एक मजबूत काटा असतो, बटरफ्लायफिशला तो नसतो, दोघांमधला फरक त्यावरूनच ओळखतात. सकाळी कोरानच्या कुशीवर त्या काट्याची तिरकी चीर होती, कडा पांढऱ्या पडलेल्या. सहाव्या दिवशी तो गेला. बाबांनीच पहिल्यांदा पाहिलं.

फोन केला तर दुकानदाराकडे उत्तर तयार होतं. "ताई, दोनच उरले म्हणून भांडतात. आणखी दोन टाका, राग वाटला जातो." मी कोरल ब्यूटी आणि यलोटेल हे वेगळ्या जातींचे दोन एंजल आणले. ही माझी सगळ्यात मोठी चूक. त्याच्या सल्ल्यातून झालेलं नुकसान भरायला मी पुन्हा त्याचाच सल्ला विकत घेतला.

या वेळी मात्र पिशवीतलं पाणी मी रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे खारेपणा मोजणाऱ्या मीटरवर पाहिलं. १.०१६. माझ्या टँकमध्ये १.०२५. कमी सॅलिनिटीत मिठाचा खर्च वाचतो आणि परजीवी दबून राहतात, म्हणून काही दुकानं पाणी असं पातळ ठेवतात. मासा उतरती सॅलिनिटी बऱ्यापैकी सोसतो, चढती सोसत नाही. १.०१६ वरून १.०२५ वर न्यायला दिवसाला एक-दोन पॉइंट (एक पॉइंट म्हणजे ०.००१) असे कित्येक दिवस लागतात. मला सांगितलं होतं, "पिशवी अर्धा तास तरंगत ठेवा, मग सोडा." मी ताबडतोब फोन केला, तर म्हणाला तुमचं मीटर खराब आहे. आणि मी सोडले.

दहा दिवसांत सगळ्यांच्या अंगावर मिठाचे कण सांडल्यासारखे पांढरे ठिपके. मरीन इक, खाऱ्या पाण्यातल्या माशांचा परजीवी रोग. त्याने २,८०० रुपयांची बाटली दिली. तीन दिवसांत ठिपके गेले आणि मी त्याला आभाराचा मेसेज केला. पुढच्या आठवड्यात ठिपके दुप्पट होऊन आले. औषधाने काहीच झालेलं नव्हतं. या परजीवीचे ठिपके आपोआपच गळतात, वाळूत-खडकात कोष करून बसतात आणि त्यातून शेकडो नवे निघतात. ठिपके गळायच्या वेळेला बाटली विकली की बाटली गुणकारी ठरते. खरं औषध तांब्याचं, ते लाइव्ह रॉकच्या टँकमध्ये घालता येत नाही, मासा वेगळा काढावा लागतो. मला हे कळेपर्यंत कोरल ब्यूटी आणि यलोटेल दोन्ही गेले होते. तिसऱ्या महिन्यात "ब्लू रिंग"ही गेला. उरला तो फक्त "एम्परर".

आणि तो एम्परर नव्हताच. पुण्यातल्या एका जुन्या हौशी गृहस्थांना मी फोटो पाठवला, त्यांनी एका मिनिटात सांगितलं. एम्पररच्या पिल्लाला शेपटीकडे पूर्ण बंद वर्तुळं असतात, एकात एक. कोरानच्या रेघा कमानीसारख्या वाकलेल्या असतात, पण वर्तुळ मिटत नाही. ब्लू रिंगच्या रेघा जवळजवळ सरळ उभ्या. माझ्या माशाच्या रेघा सरळ होत्या. आपल्या किनाऱ्यालगत सापडणारा ब्लू रिंग मला इंपोर्टेड एम्परर म्हणून साडेचार हजारांना विकला होता, आणि ब्लू रिंगच्या नावाने घेतलेलं पिल्लूही ब्लू रिंगच होतं. एकाच जातीचे दोन मासे त्याने मला "भाऊ" म्हणून दिले होते.

पैसे परत मागायला गेले तेव्हा त्याने शांतपणे विचारलं, "तो फ्रीमध्ये दिलेला दगड अजून आहे ना टँकमध्ये?" पहिल्या खरेदीला त्याने एक खडबडीत तुकडा कौतुकाने दिला होता. तो कठीण प्रवाळाचा होता. प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, जवळ बाळगणंही गुन्हा. "तक्रार करा ताई, मग वनखातं आधी तुमच्याकडे येईल." दोन महिने मी या भीतीने गप्प बसले. शेवटी ओळखीच्या वकिलांनी सांगितलं, लपवू नका, स्वतःहून लेखी कळवा आणि जमा करा. मी तेच केलं. फुकट दिलेला असा तुकडा घरी आणू नका, किती का सुंदर असेना.

मग १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. माझ्याकडे पक्कं बिल नाही. एक कच्ची चिठ्ठी आहे, "३ फिश, नो गॅरंटी", आणि एका खासगी नंबरवर गेलेले यूपीआयचे पैसे. माशाचं नाव, टँकचं माप, "एकत्र राहतील" हे आश्वासन, काहीच कागदावर नाही. मेसेजवर विचारलं असतं तरी आज हातात काहीतरी असतं. तक्रार अजून चालू आहे.

फेब्रुवारीतल्या त्या दिवशी दुकानात ज्या जोडप्याला मासे दाखवणं चाललं होतं, त्यांना मी काचेवरच्या रेघा दाखवल्या. दुकानदार आवाज चढवून बोलला, पण त्या मुलीने वाकून काचेवरून बोट फिरवलं, मग मागच्या काचेकडे पाहिलं. ते दोघं काही न घेता बाहेर पडले.

ब्लू रिंग अजून माझ्याकडे आहे. वेगळ्या टबमध्ये त्याच्यावर तांब्याचा उपचार केला, तोवर परजीवी उपाशी मरावेत म्हणून मुख्य टँक ७६ दिवस माशांशिवाय ठेवला, क्लाउनसुद्धा काढले. आता त्याची शेपटी फिकट व्हायला लागलीय आणि कल्ल्यामागे खांद्यावर निळ्या रिंगची पुसट कड उमटतेय. तो आणखी वाढणार, चार फूट त्याला पुरणार नाहीत. पुण्याच्या त्या गृहस्थांचा सात फुटांचा टँक आहे, त्यात एकही एंजल नाही. पावसाळा संपला की तो तिकडे जाईल. तोवर बाबा रोज सकाळी खुर्ची काचेजवळ ओढून घेतात आणि त्याला नोरीचा, म्हणजे सुक्या समुद्री शेवाळाचा तुकडा क्लिपला लावून देतात.