यादीतला भाव खरा मानू नका: ऑनलाइन गेममध्ये मला घातलेला गंडा

ज्या ऑनलाइन रोल-प्लेइंग गेममध्ये ऑक्शन हाऊस (आपोआप सौदे पुरे करणारा गेममधला बाजार) नाही, आयटमची नुसती यादी दिसते आणि विकणाऱ्याला मेसेज करून सौदा ठरवावा लागतो, असा गेम खेळत असाल तर हे जरूर वाचा. मला लुबाडलं ती युक्ती आजही राजरोस चालू आहे आणि तिच्यात सापडतात ते बहुतेक नवे प्लेअर.

मला एक दुर्मीळ धनुष्य मिळालं. भाव बघायला यादी उघडली, तर सगळ्यांत वर तेच धनुष्य चार जणांनी २० नाण्यांना लावलेलं. त्यांच्या खाली एकदम ११० च्या पुढचे आकडे. हे बघून कुणीही समजेल की चालू भाव २० आणि खालचे उगाच जास्त मागतायत. मी २० लाच लावलं. पुढच्याच क्षणी मेसेजवर मेसेज! पहिला आला त्याला दिलं. थोड्या वेळाने बघतो तर माझंच धनुष्य, ताकदीचे आकडे अगदी तेच, त्या माणसाच्या नावावर ११५ ला लागलेलं.

मग मी त्या २० वाल्या चौघांना 'घेतो' म्हणून मेसेज टाकले. चौघेही ऑनलाइन होते, उत्तर एकाचंही नाही. त्यांना विकायचंच नव्हतं. त्यातले दोघे आणि माझं धनुष्य घेणारा एकाच गिल्डचे, म्हणजे प्लेअरांच्या एकाच गटाचे निघाले. मी रिपोर्ट केला, पण सौदा दोघांच्या संमतीने झालाय, म्हणून आयटम परत मिळणार नाही, असं उत्तर आलं.

यात दोष त्या टोळीचा आहेच, पण ट्रेडची रचनाच तिला रान मोकळं करून देते. यादीत दिसतो तो मागितलेला भाव; सौदा किती नाण्यांना झाला त्याची नोंद कुठेच नाही. आयटम लावायला काही लागत नाही आणि लावला म्हणून विकायची सक्तीही नाही. मग चार जणांनी संगनमत केलं की भाव पडलाच! वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टच्या ऑक्शन हाऊसमध्ये हे जमत नाही. तिथे आयटम लावताना अनामत भरावी लागते, आणि समोरच्याने बायआउट (लावलेल्या भावाला लगेच घ्यायचं बटण) दाबलं की विकणाऱ्याला न विचारता सौदा पुरा होतो. खोटा स्वस्त भाव लावणाऱ्याचा माल हातचा जातो.

ऑक्शन हाऊस आलं की सगळं सुरळीत होतं, असंही नाही. रूनस्केपमध्ये २००७ साली ग्रँड एक्स्चेंज नावाचा असाच बाजार आला, तिथे टोळ्यांनी ठरावीक आयटम साठवून भाव चढवायचा धंदा मांडला. डायब्लो ३ मध्ये तर राक्षस मारून लूट मिळवण्यापेक्षा विकत घेणं सोपं होऊन बसलं, आणि मार्च २०१४ मध्ये ऑक्शन हाऊस बंदच करावं लागलं. काही गेम समोरासमोरच्या ट्रेडला चिकटून राहतात ते याच धास्तीने. ती धास्ती मला पटते. पण झालेल्या सौद्यांचे भाव तरी सगळ्यांना दिसू द्यावेत. तेवढ्याने चौघांचं हे नाटक उघडं पडेल.

ट्रेड विंडोतली (दोघे आपापला आयटम आणि नाणी ठेवतात त्या खिडकीतली) जुनी हातचलाखीही सांभाळा. समोरचा बरोबर रक्कम ठेवतो, 'लॅग आहे' (नेट अडकतंय) म्हणून ट्रेड रद्द करतो, आणि दुसऱ्यांदा उघडताना एक शून्य कमी टाकतो. विंडो पुन्हा उघडली की आकडा पहिल्यापासून वाचा. ईव्ह ऑनलाइनसारख्या गेममध्ये अशी फसवणूक नियमांत बसते, तिथे तक्रार करूनही हाती काही लागणार नाही.

महागाचं काही हाती लागलं तर आधी स्वतः गिऱ्हाईक बनून सगळ्यांत स्वस्तवाल्यांना मेसेज करा. जो खरोखर विकायला तयार होईल, त्याचाच भाव धरा. तुमचा आयटम चढ्या भावाने लावा आणि हळूहळू उतरा. आणि लावल्या लावल्या मेसेजची झुंबड उडाली तर कुणालाही उत्तर न देता आयटम लगेच यादीतून काढून घ्या.