घराचा विमा घेऊन आठ महिने झाले, वणव्याचा क्लेमही करून झाला

नाशिकच्या म्हसरूळला चामरलेणीच्या बाजूला आमचं रो हाऊस, मागे गवताचा पडीक प्लॉट, मग डोंगरच. भारत गृह रक्षा (घराच्या विम्याची ठरलेली पॉलिसी) घेतली ती खरं तर मावसभावामुळे. तो कॅलिफोर्नियात असतो, त्याच्या कंपनीने ७५ दिवसांची नोटीस देऊन रिन्यूअलच नाकारलं, आयुष्यात एक क्लेम नाही तरी! तिकडे वणव्यांच्या भीतीने स्टेट फार्म या मोठ्या विमा कंपनीने २०२३ मध्ये नवीन घरांचा विमा काढणंच बंद केलं, २०२४ मध्ये ७२ हजार पॉलिस्या रिन्यू करणार नाही म्हणाले, आणि लॉस एंजेलिसची ती मोठी आग त्यानंतरची, जानेवारी २०२५ ची. आता तो फेअर प्लॅनमध्ये आहे, म्हणजे कोणीच घेईना त्यांच्यासाठीचा, त्यात आग-धूर कव्हर पण चोरी नाही, पाणीगळती नाही, त्यासाठी परत दुसरी पॉलिसी.

आपल्याकडे उलटं. वणवा पॉलिसीत लिहिलेलाच आहे, हप्ता वर्षाला दीड हजाराच्या आत, आणि एजंटने डोंगराकडे मान वर करून बघितलंसुद्धा नाही. कार्पेट एरिया विचारला, बांधकामाचा दर लावला (जागेची किंमत धरत नाहीत), सामानासाठी घराच्या रकमेच्या २० टक्के आपोआप, झालं.

मार्चमध्ये कोणीतरी गवत पेटवलं. गच्चीवर कुरडया वाळत होत्या, बायको म्हणाली अहो हे काळं काळं काय पडतंय, बघतो तर काजळी, आणि तासाभरात जाळ कंपाउंडला. गल्लीतल्या पोरांनी ओल्या फांद्यांनी झोडपून विझवला म्हणून घर वाचलं. मागच्या दोन खिडक्या गेल्या आणि प्लास्टिकची टाकी एका बाजूने पाघळून खाली बसली.

सर्वेअर तिसऱ्या दिवशी आला, माणूस चांगला होता, पण पैसे यायला पाच आठवडे आणि तेही फक्त खिडक्यांचे. टाकी, कंपाउंड, सोलर यांची रक्कम फॉर्ममध्ये वेगळी टाकावी लागते, एजंटने तो रकाना रिकामा सोडलेला आणि मी न वाचता सही ठोकलेली. दोघंही शहाणे!

भावाला फोटो पाठवले तर पहिला प्रश्न, खिडकीखाली तो सरपणाचा ढीग कशाला? तिकडे म्हणे घराच्या भिंतीपासून ५ फुटांत पेटेल असं काही ठेवू नका सांगतात. ढीग त्याच दिवशी हलवला.

पॉलिसीला पाचपैकी साडेतीन. सप्टेंबरच्या रिन्यूअलला टाकी-सोलर टाकून घेणार, एजंट मात्र आत्ताच बदललाय.