लोकरी मावा: युरिया आवरायचा की मित्रकीटकांवर सोडायचं?

लोकरी मावा म्हणजे उसाच्या पानांखाली पांढरा थर करून रस शोषणारी बारीक कीड. सुरू उसात, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीच्या आसपास लावलेल्या उसात, मी तिच्यासाठी हे दोन्ही करून बघितलंय, ज्यांचं अजून ठरत नाहीये त्यांच्यासाठी लिहितोय.

युरिया, म्हणजे नत्राचं (नायट्रोजनचं) खत, हात राखून देण्यात तथ्य आहे, ते आधी मान्य करतो. पानातल्या रसात साखर भरपूर पण नत्र थोडं, त्यामुळे माव्याला गरजेपुरतं नत्र मिळवायला भरमसाट रस ओढावा लागतो आणि जास्तीची साखर चिकटा होऊन खालच्या पानांवर पडते, मग त्यावर काळी बुरशी. नत्र जास्त झालं की रस सकस होतो, पान लुसलुशीत राहतं आणि मावा भराभर वाढतो. माझ्याकडं ज्या बाजूला खत जास्त पडलं तिथंच पानांखाली पांढरा थर आधी दिसला, मोजलं नाही पण डोळ्याला कळतं की.

पण शिफारशीप्रमाणे ४० टक्के नत्र मोठ्या बांधणीलाच (उसाच्या बुडाला माती चढवताना) जातं, म्हणजे सुरूला साधारण जूनच्या आसपास, आणि मावा जोर धरतो त्यानंतर, ढगाळ दमट हवेत. तोवर खत मातीत गेलेलं, ते काही परत काढता येत नाही. ऊस डोक्याच्या वर गेलेला, आत शिरलं की पानं हातातोंडाला कापतात, पाठीवर फवारणीचा पंप घेऊन सरीतनं चालणं तर विचारूच नका. मला सगळ्यात जास्त वैताग याचाच आला, आणि माझं मत तिथंच फिरलं.

मावा खाणारे मित्रकीटक आपले आपण आत जातात. २००२ ला हा मावा आपल्याकडं पसरला, तो पुढं आटोक्यात आला त्यात कोनोबाथ्रा आणि मायक्रोमस या दोन मित्रकीटकांचा मोठा वाटा होता. हेक्टरी कोनोबाथ्राच्या १००० किंवा मायक्रोमसच्या २५०० अळ्या सोडा असं सांगतात, अळ्या असलेली पानं आणून मावा पडलेल्या पानांना टाचली तरी चालतं. यातही त्रास आहेच, सुरुवातीला मावा पुढं असतो आणि हे मागनं येतात, जीव टांगणीला लागतो, आणि एक कडक फवारणी झाली की मावा नंतर परत येतो पण हे लवकर येत नाहीत.

तुमची जमीन, पाणी वेगळं असेल, त्यामुळे हेच करा असं म्हणणार नाही. बांधणीचा हप्ता शिफारशीच्या वर नेऊ नका, तेवढं दोन्हीकडं लागतंच. पावसाळा सुरू झाला की कडेची पानं उलटून बघत जा, पांढऱ्या थरात जाळं करून बसलेली कोनोबाथ्राची अळी दिसली तर पंपाला हात लावायच्या आधी आठवडाभर थांबून बघा, मी तरी थांबतो.