पुरात भिजलेल्या कॅसेटी आणि नानांचा आवाज : पुण्यातील एका ध्वनिफीत-दुरुस्तीचा अनुभव

माझे वडील, आमचे नाना, जानेवारी २०२३ मध्ये वयाच्या ८८व्या वर्षी गेले. त्यांच्या आवाजातल्या सतरा कॅसेटी दुरुस्त करून संगणकावर उतरवून घेण्याचे काम मी पुण्यात सदाशिव पेठेतील एका ध्वनितंत्रज्ञांकडून करून घेतले. तो अनुभव सविस्तर लिहीत आहे, कारण पुरात भिजलेल्या किंवा बुरशी धरलेल्या कॅसेटी कोकणात आणि सांगली-कोल्हापूरकडे अनेकांच्या घरी असतील, आणि त्या टाकून देण्याची घाई कोणी करू नये असे मला मनापासून वाटते. हे गृहस्थ राहत्या घरातल्या एका खोलीत काम करतात, पाटी लावत नाहीत आणि ओळखीतूनच काम घेतात, म्हणून त्यांचे नाव येथे देत नाही. मात्र असे काम कोणाकडेही देताना काय पाहावे, हे यावरून कळू शकेल.

नाना चिपळूणच्या टपाल कार्यालयात नोकरीला होते. १९८५ साली माझे लग्न झाले आणि पुढच्या वर्षी मी मस्कतला गेले. परदेशी फोन तेव्हा आमच्या आवाक्याबाहेरचा होता आणि पत्राला दहा-बारा दिवस सहज लागत, म्हणून नानांनी कोऱ्या कॅसेटवर बोलून ती पाठवायला सुरुवात केली. कॅसेट जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळायची, वरून मांजरपाट शिवायचे, शिवणीवर लाखेचे ठिपके द्यायचे आणि ठळक अक्षरांत पत्ता लिहायचा, हे सगळे ते स्वतः करीत. खात्यातला माणूस असूनही ते रांगेत उभे राहूनच पार्सल देत, असे आई सांगत असे. १९८६ ते १९९३ या वर्षांतल्या त्या कॅसेटी मी १९९९ साली कायमची परत आले तेव्हा बरोबर आणल्या आणि चिपळूणच्या घरी पत्र्याच्या ट्रंकेत ठेवल्या.

२६ जुलै २००५च्या पुरात ट्रंक माळ्यावर होती, त्यामुळे ती वाचली. २०१६ साली आई गेली आणि नानांनी ट्रंक खाली उतरवून आपल्या खाटेखाली ठेवून घेतली, कारण त्या फितींत मधूनमधून आईचाही आवाज होता. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी शहरात शिरले, तेव्हा ती पूर्ण बुडाली. नाना ज्याचे जन्मभर सभासद होते आणि २०१३ साली ज्याने चिपळुणात साहित्य संमेलन भरवले, त्या १८६४ सालच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराची पुस्तकेही त्या पुरात भिजली, याचे दुःख त्यांना घरातल्या नुकसानीइतकेच होते. पाणी ओसरल्यावर त्यांनी एकेक कॅसेट पिण्याच्या पाण्यात खळबळून घेतली आणि पडवीत सुपात वाळत घातली. प्यायलाच पाणी पुरत नसताना ते त्यासाठी वापरले म्हणून माझा धाकटा भाऊ त्यांच्यावर रागावला होता.

नाना गेल्यानंतर मी प्रथम दुसऱ्या एका दुकानात गेले. तेथील मुलाने कॅसेट उघडूनही न पाहता थेट यंत्रात घातली. अर्ध्या मिनिटात फीत रोलरभोवती गुंडाळली गेली आणि तुटली. त्या दुकानाचे नाव लिहिण्यात अर्थ नाही, परंतु भिजलेली कॅसेट कोणी तुमच्यासमोर तशीच लावायला निघाला, तर ती त्याच्या हातून परत घ्यावी.

सदाशिव पेठेतल्या तंत्रज्ञांनी पहिल्या दिवशी एकही कॅसेट वाजवली नाही. त्यांनी भिंगातून प्रत्येकीच्या कडा पाहिल्या, पेन्सिलने चक्र किंचित फिरवून फीत कोठे चिकटली आहे ते तपासले आणि वहीत नोंद केली. मग ते म्हणाले, "ताई, हा चिखल ओला असतानाच कोणीतरी धुतलाय. वाळला असता तर फितीवरचा थर त्याच्याबरोबर निघून आला असता." कोणी धुतला ते मी त्यांना सांगितले, आणि नंतर भावालाही फोन करून सांगितले.

कॅसेटची फीत जेमतेम ३.८१ मिलिमीटर रुंद असते आणि साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये ती सुमारे ८६ मीटर भरते. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची फीत आणखी पातळ असल्याने ती लवकर ताणली जाते. पाच स्क्रूंचे कवच उघडता येते, पण आमच्या नऊ कॅसेटींची कवचे चिकटवलेली होती. ती कडेने फोडून आतली दोन्ही चक्रे नव्या कवचात बसवावी लागली. यंत्रातल्या हेडवर, म्हणजे फितीवरचा आवाज टिपणाऱ्या भागावर, फीत दाबून धरणारा नमद्याचा बारीक तुकडा बहुतेक कॅसेटींत गळून पडला होता, तोही बदलला. बुरशीची पांढरी भुकटी मऊ कापडाने टिपून घेताना त्यांनी तोंडाला मुखपट्टी आणि हातांना मोजे घातले होते आणि खिडकीकडे तोंड करूनच ते बसले होते. नानांच्या टेपरेकॉर्डरचे हेड थोडे तिरके असावे. आवाज दबका येतो असे वाटताच त्यांनी आपल्या यंत्राच्या हेडचा कोन प्रत्येक कॅसेटसाठी वेगळा जुळवून घेतला. लहान पेचकस पाव फेऱ्याहूनही कमी फिरवला आणि पांघरुणाखालून बोलत असल्यासारखे वाटणारे नाना एकदम समोर बसल्यासारखे बोलू लागले. तेव्हा मी त्या खोलीतच होते. पुढची दहा मिनिटे त्यांनी मला काही विचारले नाही, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

"आज दहा जुलै, रविवार. पागोळ्या वाजतायत त्या ऐकू येतात का गो?" असे म्हणून नानांनी टेपरेकॉर्डर पडवीच्या कठड्यावर ठेवलेला आहे आणि पुढे मिनिटभर नुसता पाऊस आहे. हे १९८८ साल. माझी मुलगी तेव्हा पाच महिन्यांची होती आणि आजोबांनी तिला अजून पाहिलेले नव्हते. त्याच कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला ते तिला गोष्ट सांगतात, आणि मध्येच आई लांबून म्हणते, "तिला काय कळणारे आत्ता?" त्यावर नाना म्हणतात, "मोठी झाल्यावर ऐकेल." १९९२च्या एका कॅसेटमध्ये कोकण रेल्वेचे काम सुरू असल्याचे आणि सुरुंगांचे आवाज येत असल्याचे सांगून ते म्हणतात की गाडी सुरू झाली की मी तुम्हाला घ्यायला स्टेशनवर येईन. १९९८ साली आम्ही सुट्टीला आलो तेव्हा मुंबईहून त्याच गाडीने चिपळूणला उतरलो आणि नाना खरोखरच फलाटावर उभे होते, धुतलेला शर्ट आणि हातात छत्री. त्यांनी कॅसेटमध्ये असे म्हटले होते, हे तेव्हा माझ्या ध्यानातही नव्हते. त्या कॅसेटमध्ये बोलणारे नाना ५८ वर्षांचे आहेत. मी आज ६२ वर्षांची आहे.

या सेवेबद्दल माझा एकच खरा मतभेद झाला आणि त्यांनी तो समजून घेतला, म्हणून लिहिते. पहिल्या चार कॅसेटींच्या प्रती त्यांनी आवाज 'स्वच्छ' करून दिल्या. त्यांत फितीची खरखर गेली होती, पण तिच्याबरोबर पाऊसही गेला होता, शेजारच्या विहिरीच्या रहाटाची करकर गेली होती आणि नाना बोलण्यापूर्वी घसा साफ करीत तेही गेले होते. शब्द स्पष्ट होते, मात्र ते घर कोठेच नव्हते. मी मूळ आवाज जसाच्या तसा मागितला, तेव्हा त्यांनी कुरकुर न करता चारही फाइली परत दिल्या आणि उरलेल्या कॅसेटींच्या दोन-दोन प्रती केल्या : एक अजिबात हात न लावलेली डब्ल्यूएव्ही स्वरूपात आणि एक केवळ खरखर किंचित कमी केलेली, फोनवर ऐकण्यासाठी एमपीथ्री स्वरूपात. कोणाकडेही काम दिले तरी हात न लावलेली प्रत आधी मागून घ्यावी, असा माझा आग्रह राहील. तासाभराच्या रेकॉर्डिंगची ती फाइल दोन जीबीपर्यंत जाते, पण आता जागेची अडचण राहिलेली नाही. वर्षश्राद्धाला लावण्यासाठी मागे बासरी वाजवून वीस मिनिटांचे संकलन करून देण्याची तयारीही त्यांनी दाखवली होती, ती मी नाकारली. त्या दिवशी जेवणे झाल्यावर आम्ही १९८८ची ती कॅसेट पूर्ण ऐकली, पावसाच्या मिनिटासह. माझी मुलगी आपल्या मुलाला मांडीवर घेऊन बसली होती.

दोन उणिवाही सांगितल्या पाहिजेत. सहा आठवडे सांगून काम साडेचार महिने चालले, आणि प्रत्येक फाइलसोबत दिलेल्या विषयसूचीत गावांची नावे बरीच चुकली होती. खेर्डीचे खेड झाले होते, ते मला बसून दुरुस्त करावे लागले. कोरड्या कॅसेटीला ६०० आणि भिजलेल्या कॅसेटीला ११०० रुपये घेतले, ते कामाच्या मानाने मला अजिबात जास्त वाटले नाहीत. जुनी कवचे आणि त्यांवरचे शाई फुटलेले कागद त्यांनी क्रमांक घालून वेगळ्या पाकिटांत परत दिले, हे मी सांगितलेही नव्हते.

सतरापैकी पंधरा कॅसेटी उतरल्या. दुकानात तुटलेली फीत जोडता आली. जोडाच्या ठिकाणी नानांचे एक वाक्य अर्धवट राहते. उरलेल्या दोन कॅसेटींची वेटोळी एकमेकांना घट्ट चिकटलेली आहेत. दमट हवेत ती सोडवू नयेत, असे त्यांचे म्हणणे पडले, म्हणून त्या त्यांच्याकडेच कोरड्या डब्यात ठेवल्या आहेत आणि पाऊस संपल्यावर ते पुन्हा प्रयत्न करणार आहेत. त्यांतल्या एकीच्या कागदावर नानांच्या अक्षरातले 'बाळासाठी' एवढेच वाचता येते.