एमजीबीत माझदाचा पाच गिअरचा बॉक्स: किट कसं आहे?

आधी निकाल सांगते. गिअरबॉक्स उत्तम. तो एमजीबीत बसवायचं किट चांगलं. किटसोबत आलेली माहितीपुस्तिका मात्र फारच त्रोटक आहे, आणि ज्या कामावर या बॉक्सचं आयुष्य ठरतं त्याबद्दल तिच्यात जेमतेम एक ओळ आहे. म्हणून हे सविस्तर लिहितेय.

माझी गाडी १९७० ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे दोन सीटची, उघडी, जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी. १७९८ सीसीचं पाच बेअरिंगचं इंजिन, चार गिअरचा बॉक्स, चारही गिअरना सिंक्रो (गिअर पडताना वेग जुळवणारी पितळी कडी), ओव्हरड्राइव्ह (वेगात इंजिनाचे फेरे कमी करणारी बॉक्समागची जोडयंत्रणा) नाही. मूळ बॉक्स दुसऱ्या गिअरला करकरायचा आणि लेशाफ्टची (बॉक्समधल्या खालच्या दांड्याची) बेअरिंगं वाजायला लागली होती. हे दोन्ही दुरुस्त होण्यासारखं होतं. पण दुरुस्त केलेला बॉक्ससुद्धा मोकळ्या रस्त्यावर तसाच ओरडत राहिला असता, कारण टॉप गिअरला ताशी १०० किमी म्हणजे इंजिन जवळपास ३,५०० आरपीएमवर. तासभर तसं चालवलं की कान बधिर होतात आणि शेजारच्या माणसाशी बोलणंच बंद पडतं. मला पाचवा गिअर हवा होता, बाकी गाडी आहे तशी हवी होती.

माझदा एमएक्स-५ चा बॉक्स निवडण्यामागे सरळ हिशोब आहे. ती गाडी १९८९ साली आली तीच जुन्या ब्रिटिश रोडस्टरच्या धर्तीवर: पुढे इंजिन, ताकद मागच्या चाकांना, दोन सीट, लिव्हर थेट बॉक्सवर. तिच्या पहिल्या १.६ लिटर इंजिनाची ताकद सुमारे ११५ अश्वशक्ती होती, एमजीबीची सुमारे ९५. त्यामुळे बॉक्सवर ताण येण्याचा प्रश्नच नाही.

किटमध्ये ॲल्युमिनियमचं बेलहाउसिंग (इंजिन आणि बॉक्स जोडणारं घंटेसारखं कवच), क्लच प्लेट, क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) टोकाला बसणारं स्पिगॉट बेअरिंग, शाफ्टभोवती बसणारा, पेडल दाबलं की क्लच सोडवणारा गोल स्लेव्ह सिलिंडर आणि त्याच्या पाइपा, बॉक्सच्या शेपटाखालचं माउंटिंग, ताकद मागच्या चाकांकडे नेणारा तयार लांबीचा प्रोपेलर शाफ्ट आणि स्पीडोमीटरची केबल इतकं येतं. क्लच प्लेट हातात घेऊन बघण्यासारखी आहे. बाहेरून एमजीबीच्या मापाची, ८ इंची, त्यामुळे जुनं फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट तशीच चालते. मधले दाते मात्र माझदाच्या शाफ्टचे. शाफ्टवर चढवली तर अडकत नाही, हलवली तर खडखडत नाही. असं काम बघितलं की किट बनवणाऱ्याबद्दल विश्वास वाटतो.

आता ती एक ओळ. पुस्तिका म्हणते, ‘बेलहाउसिंग मध्यात असल्याची खात्री करा’. झालं. खात्री कशी करायची, किती फरक चालतो, जास्त निघाला तर काय करायचं, काही नाही.

मी ज्यांच्या गॅरेजमध्ये हे काम केलं त्या दादांनी पहिल्यांदाच बजावलं, “ताई, बॉक्स चढवायची घाई नको. आधी डायल लावू, मग बोलू.” नुसतं बेलहाउसिंग इंजिनाला आवळायचं. डायल गेजचं (मिलिमीटरचा शंभरावा भाग दाखवणाऱ्या काट्याच्या मापाचं) चुंबक क्रँकवरच्या जड चाकाला, म्हणजे फ्लायव्हीलला चिकटवायचं, टोक बेलहाउसिंगच्या मधल्या भोकाच्या कडेला टेकवायचं आणि इंजिन हाताने एक पूर्ण फेरा फिरवायचं. काटा किती हलतो ते बघायचं. अशा जोडणीत साधारण ०.१३ मिमीपर्यंतचा फरक चालवून घेतात. आमचा काटा ०.३२ वर गेला. म्हणजे भोकाचा मध्य क्रँकच्या मध्यापासून ०.१६ मिमी सरकलेला. डोळ्यांना हे दिसणं शक्य नाही, आणि त्या अवस्थेत बॉक्स बसलाही असता, गाडी चाललीही असती. पण शाफ्टचं एक टोक क्रँकमध्ये आणि दुसरं बॉक्समध्ये, दोघांचे मध्य वेगळे, तर प्रत्येक फेऱ्याला शाफ्ट थोडा वाकतो. मग इनपुट बेअरिंग आवाज करू लागतं, क्लच प्लेटचे दाते झिजतात, गिअर जड पडतात, आणि लोक शिव्या बॉक्सला देतात.

उपाय वेळखाऊ आहे, अवघड नाही. बोल्ट जरा सैल केले, लाकडी हातोडीने हलके ठोके देत बेलहाउसिंग सरकवलं, पुन्हा आवळलं, पुन्हा फेरा. काटा ०.०६ वर आल्यावर डॉवेलसाठी नवी भोकं पाडून पिना ठोकल्या, म्हणजे पुढे कधी उघडलं तरी बेलहाउसिंग त्याच जागी बसणार. फरक किटच्या मशीनिंगचा होता की पन्नासएक वर्षं जुन्या इंजिनाच्या बॅकप्लेटचा (इंजिनामागच्या, बेलहाउसिंग आवळायच्या पत्र्याचा), हे ठामपणे सांगता येणार नाही आणि त्याने काही बिघडत नाही. मोजायचं दोन्ही बाबतीत आहेच. किट विकणाऱ्याने पुस्तिकेत याची दोन पानं घालावीत, असं मी त्यांना कळवलंय.

किटवरचा माझा खरा आक्षेप गोल स्लेव्ह सिलिंडरवर आहे. पेडल सुरेख लागतं, हलकं आणि एकसारखं. पण तो बेलहाउसिंगच्या आत आहे. एमजीबीत बॉक्स एकटा खाली उतरत नाही, इंजिनासकट वर काढावा लागतो. उद्या त्या सिलिंडरचं एखादं सील गळालं, तर तळहाताएवढ्या वस्तूसाठी अख्खं इंजिन बाहेर. मूळ बॉक्सचा स्लेव्ह बाहेरच्या बाजूला होता, गाडीखाली शिरून बदलता यायचा. बाहेरचा स्लेव्ह आणि फोर्क (त्याने ढकलला जाणारा क्लचचा दांडा) असलेलं किट मिळत असेल तर मी तेच घ्यायला सांगेन. हवा काढायची नळी तरी त्यांनी बाहेर आणून दिलीय, तेवढं बरं.

क्लच पूर्ण सुटत नाही अशी तक्रार या किटबद्दल ऐकू येते. किटला दोष देण्याआधी पेडलची पिन काढून बघा. एमजीबीत ती पिन आणि मास्टर सिलिंडरच्या (पेडलकडच्या सिलिंडरच्या) दांडीचं भोक दोन्ही झिजतात, भोक लांबट होतं आणि पेडलची बरीचशी चाल तिथेच खपते. पिन बदलायला फारसा वेळ लागत नाही. इंजिन बाहेर असताना क्रँकचं मागचं ऑइल सीलही बदलून घ्या, ते पुन्हा इतकं सहज हाताशी येणार नाही.

बाकी जोडणी सरळ आहे. टनेल (दोन सीटच्या मधला, बॉक्सवरचा पत्र्याचा उंचवटा) कुठेही कापावा लागला नाही. लिव्हर जुन्या भोकातूनच वर येतो. प्रोपेलर शाफ्टची लांबी बरोबर होती. त्याच्या पुढच्या आणि मागच्या क्रॉसचे (सांध्यांचे) कोन सारखे यावेत म्हणून बॉक्सच्या शेपटाखाली एक शिम (पातळ पट्टी) घातली, नाहीतर विशिष्ट वेगाला गाडी घरघरते. रिव्हर्स लाइटचा स्विच बॉक्सवर आहेच. स्पीडोमीटर जवळपास दहा टक्के जास्त दाखवत होता, जीपीएसशी ताडून बघितलं. केबलच्या मध्ये बसणारी छोटी गिअरची डबी लावल्यावर जमला. ही डबी किटमध्ये असायला हवी होती.

तेलाबाबत एक सांगणं. मूळ बॉक्सला इंजिनाचंच २०डब्ल्यू-५० तेल लागायचं, माझदाच्या बॉक्सला ते घालू नका. त्याला ७५डब्ल्यू-९० लागतं, तेही जीएल-४ दर्जाचं. जीएल-५ मधली गंधकाची रसायनं सिंक्रोच्या पितळेला त्रास देऊ शकतात.

चालवताना काय वाटतं? पाचव्या गिअरचं गुणोत्तर (प्रोपेलर शाफ्टच्या एका फेऱ्याला इंजिनाचे फेरे) ०.८१४. त्यामुळे ताशी १०० ला ३,५०० ऐवजी साधारण २,८५० आरपीएम. एवढ्याने गाडीचा स्वभाव बदलतो. इंजिन निवांत गुणगुणतं, एक्झॉस्टचा आवाज मागे राहतो, गप्पा होतात. लिव्हरची चाल आखूड आणि नेमकी. मनगट हललं की गिअर पडला. दुसरा गिअर आता कितीही घाईने टाका, करकर नाही. फक्त गाडी थंड असताना तो थोडा अडतो. या बॉक्सची ती सवय माझदातही आहे, तेल गरम झालं की जाते. रिव्हर्स पूर्वी डावीकडे होता, आता उजवीकडे पाचव्याच्या खाली. हाताला नवीन जागा शिकवावी लागते.

एक गोष्ट विकणारे सांगत नाहीत. माझदाचा पहिला गिअर ३.१३६, एमजीबीचा ३.४४. एमएक्स-५ च्या डिफरन्शियलचं (मागच्या चाकांमधल्या शेवटच्या गिअरचं) गुणोत्तर ४.३ होतं, म्हणून तिथे पहिल्या गिअरचा एकूण गुणाकार १३.४८ येतो. एमजीबीचा मूळचा ३.९०९ ने गुणून १३.४५, म्हणजे जवळजवळ तोच. पण माझदाचा बॉक्स एमजीबीच्या डिफरन्शियलसमोर ठेवला की आकडा १२.२६ वर उतरतो. पहिला गिअर लांब होतो. सपाट रस्त्यावर कळतही नाही, उलट दुसरा गिअर लांबपर्यंत खेचत नेता येतो ही मजाच आहे. चढावर, दोन माणसं आणि सामान घेऊन गाडी उचलताना मात्र क्लच थोडा जास्त धरावा लागतो. हे मला मान्य आहे. डोंगराळ भागात रोज चालवणाऱ्याने आधी विचार करावा.

ज्यांच्या गाडीत लेकॉक कंपनीचा ओव्हरड्राइव्ह आहे आणि नीट चालतोय, त्यांनी हे किट घेऊ नये असं माझं मत आहे. ओव्हरड्राइव्हचं गुणोत्तरही ०.८२ च्या आसपास आहे, रस्त्यावर आरपीएममध्ये फरक पडणार नाही, आणि १९७५ च्या मध्यापासून ब्रिटनमध्ये विकलेल्या एमजीबीत तो कारखान्यातूनच येतो. ज्यांच्याकडे तो नाही आणि मूळ बॉक्स मोडकळीस आलाय, त्यांनी जरूर घ्यावं. गाडीत काहीही कापलेलं नसल्याने जुना बॉक्स तेल लावून जपून ठेवा, पुढच्या मालकाला मूळ स्थिती हवी असली तर परत बसवता येईल.

१९६७ च्या अखेरीच्या आधीची गाडी असेल तर मागणी नोंदवण्याआधी तीन गोष्टी लेखी विचारून घ्या: टनेल, बॅकप्लेट आणि स्टार्टर. त्या गाड्यांचा टनेल अरुंद आहे, बॅकप्लेट आणि स्टार्टरही वेगळे आहेत, आणि मी वर लिहिलेलं ‘टनेल कापावा लागला नाही’ हे त्यांना लागू होईलच असं नाही.