टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक: पेट्रोलवरचे गवतकापणी यंत्र निवडताना

पेट्रोलवर चालणारे, नायलॉन दोरीचे गवतकापणी यंत्र घ्यायचे नक्की झाले, पण इंजिन टू-स्ट्रोक (पिस्टनच्या दोन धावांत एक आवर्तन पूर्ण करणारे) असावे की फोर-स्ट्रोक (चार धावांत करणारे), यावर एका स्नेह्यांचे अडले आहे.

खरा फरक वंगणात आहे. टू-स्ट्रोकमध्ये तेल पेट्रोलमध्येच मिसळावे लागते. ५०:१ हे नेहमीचे प्रमाण म्हणजे एका लिटरला २० मिली. हे माप अंदाजाने घेऊ नये, कारण तेल कमी पडले तर पिस्टन जॅम होतो आणि जास्त झाले तर स्पार्क प्लग (ठिणगी पाडणारा भाग) उघडल्यावर त्याच्या टोकावर ओली, काळी काजळी दिसते. फोर-स्ट्रोकला साधे पेट्रोल चालते. मात्र इंजिनातल्या तेलाची पातळी दर वेळी सुरू करण्यापूर्वी पाहावी लागते, ते ठरावीक तासांनी बदलावे लागते आणि व्हॉल्व्हचे, म्हणजे इंजिनातल्या झडपांचे, अंतरही अधूनमधून तपासून घ्यावे लागते.

टू-स्ट्रोक सहसा वजनाला हलके असते, आणि खांद्यावर तासभर पट्टा अडकवला की हा फरक फार जाणवतो. फोर-स्ट्रोक पेट्रोल कमी पिते व धूरही कमी सोडते.

एअर फिल्टरची सफाई दोघांनाही सारखीच. महिनाभर बंद ठेवायचे असेल तर टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे. शिळे पेट्रोल कार्बोरेटरमध्ये (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागात) चिकट होऊन बसते.

उतारावर, यंत्र वाकडेतिकडे धरून काम करणाऱ्याने टू-स्ट्रोक घ्यावे; तेल पेट्रोलमध्येच असल्याने ते कसेही धरले तरी वंगण मिळत राहते. घराभोवतीची सपाट जागा नियमित कापणाऱ्या आणि मिश्रणाचा व्याप नको असलेल्या माणसाला फोर-स्ट्रोकच सोयीचे पडेल.