लेझर डायोड कंट्रोलरचे कॅलिब्रेशन आणि दुरुस्ती : भोसरीतील एका प्रयोगशाळेचा अनुभव

मिथेन मोजण्यासाठी आम्ही जो डीएफबी लेझर (एकाच नेमक्या तरंगलांबीचा प्रकाश देणारा लेझर डायोड) वापरतो, तो १६५३.७ नॅनोमीटरच्या शोषणरेषेवर, म्हणजे मिथेन जो प्रकाश शोषतो त्या तरंगलांबीवर, बसवावा लागतो. वातावरणीय दाबाला ही रेषा नॅनोमीटरच्या जेमतेम काही शतांशांइतकी रुंद असते, आणि अशा लेझरचे तापमान एका अंशाने बदलले की तरंगलांबी साधारण ०.१ नॅनोमीटरने सरकते. म्हणजे अर्ध्या अंशाची चूकही रेषेवरून घसरायला पुरते. गेल्या पावसाळ्यात आमचे नेमके असेच झाले. लेझरचा प्रवाह आणि तापमान सांभाळणाऱ्या कंट्रोलरच्या पडद्यावर २५.०० अंश स्थिर दिसत होते, पण संकेत रोडावला होता. लेझर म्हातारा झाला असे गृहीत धरून आम्ही नव्याची चौकशीही सुरू केली होती. सुदैवाने तोच लेझर दुसऱ्या कंट्रोलरवर लावून पाहण्याची बुद्धी झाली, आणि तो ठणठणीत निघाला.

गंमत अशी की ज्या कंट्रोलरवर संशय आला, त्याच्यावर कॅलिब्रेशनचे (प्रमाणित मापांशी ताडून पाहिल्याचे) स्टिकर होते आणि त्याची मुदतही संपलेली नव्हती. फाइल काढून पाहिले तेव्हा उलगडा झाला. आधीच्या प्रयोगशाळेने (तिचे नाव घेत नाही) फक्त लेझरचा प्रवाह चार ठिकाणी मोजून ‘समाधानकारक’ असा शेरा दिला होता. थर्मिस्टरच्या (तापमानानुसार रोध बदलणाऱ्या संवेदकाच्या) बाजूला कोणी हातच लावला नव्हता. प्रमाणपत्र खोटे नव्हते, ते अपुरे होते. आणि आम्ही ते न वाचताच फाइलला लावले होते, हा दोष आमचा.

यंदा उपकरण भोसरी एमआयडीसीतील एका लहान प्रयोगशाळेकडे दिले. पाठवण्यापूर्वी, प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या एनएबीएलच्या संकेतस्थळावर तिची मान्यतेची व्याप्ती तपासली. हे काम दहा मिनिटांचे आहे, तरी बहुतेक जण ते टाळतात. प्रयोगशाळेला मान्यता आहे एवढे पुरत नाही; आपल्याला हव्या त्या राशीसाठी, हव्या त्या पल्ल्यात आणि किती अनिश्चिततेपर्यंत आहे, हे पाहावे लागते. या प्रयोगशाळेच्या व्याप्तीत डीसी प्रवाह होता आणि रोधही होता, त्यामुळे थर्मिस्टरच्या जागी प्रमाणित रोध जोडून तापमानाची बाजू तपासणे तिला शक्य होते.

तिथल्या तंत्रज्ञांची मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे त्यांनी आल्या आल्या काहीही फिरवले नाही. उपकरण तासभर तापू दिले, मग आहे त्या अवस्थेतील सर्व वाचने घेतली आणि फोन करून विचारले, “साहेब, ॲडजस्टमेंट करायची का, की आधी आकडे पाहता?” समायोजनापूर्वीच्या या आकड्यांनाच खरी किंमत असते, कारण मागच्या वर्षभरातील आपली मोजमापे कितपत भरवशाची होती हे फक्त त्यांवरून कळते. १० किलोओहमचा रोध जोडला असता आमचा कंट्रोलर ९.८ किलोओहम दाखवत होता. थर्मिस्टरमधून सोडायचा १०० मायक्रोअँपिअरचा प्रवाह दोन टक्के कमी पडत होता. २५ अंशांजवळ या थर्मिस्टरचा रोध दर अंशाला सुमारे ४.४ टक्क्यांनी उतरतो, म्हणजे कंट्रोलर जवळजवळ अर्धा अंश जास्त तापमान वाचत होता आणि तेवढाच लेझरला जादा थंड करत होता. सगळा हिशेब जुळला.

दुरुस्तीबद्दल थोडक्यात सांगतो : पंखा बदलला, त्या प्रवाहस्रोतातील एक रोध बदलला आणि मगच समायोजन केले. जुन्या उपकरणांच्या बाबतीत अशी स्थानिक सोय असणे मोलाचे आहे, कारण या क्षेत्रातल्या कंपन्यांची मालकी बदलत राहते. अमेरिकेत मॉंटॅनातील बोझमनची आयएलएक्स लाइटवेव्ह ही लेझर कंट्रोलर बनवणारी कंपनी आधी न्यूपोर्टकडे गेली आणि २०१६ मध्ये न्यूपोर्टच एमकेएसकडे गेली. आमचे उपकरण वेगळ्या मेकचे आहे, पण पंधरा वर्षांपूर्वीच्या मॉडेलसाठी मूळ उत्पादकाला गाठायचे, ते परदेशी पाठवायचे आणि परत आणताना सीमाशुल्काची कागदपत्रे सांभाळायची, हा खटाटोप कोणत्याही मेकला चुकत नाही.

प्रमाणपत्र नीटनेटके होते. समायोजनापूर्वीचे आणि नंतरचे आकडे शेजारी शेजारी, प्रत्येकापुढे ९५ टक्के विश्वासपातळीची अनिश्चितता, आणि वापरलेल्या मल्टिमीटरची दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेपर्यंतची ट्रेसेबिलिटी (मापे ताडल्याची अखंड साखळी). पुढची तारीख मात्र आम्ही मागितल्यावरच छापली, आणि ते योग्यच आहे. अशा प्रयोगशाळांसाठीच्या आयएसओ १७०२५ या मानकानुसार ग्राहकाशी ठरले नसेल तर कॅलिब्रेशनची मुदत प्रमाणपत्रावर सुचवायची नसते. चालू-बंद करताना उसळणारा प्रवाह मल्टिमीटरला दिसत नाही, आणि लेझर डायोड मरतो तो बहुधा त्या क्षणभराच्या उसळीनेच. म्हणून एक ओहमचा रोध लावून ऑसिलोस्कोपवर तेही पाहण्याची विनंती मी केली. ती त्यांनी मान्य केली, पण हे मोजमाप मान्यतेच्या व्याप्तीबाहेरचे असल्याने वेगळ्या कागदावर, एनएबीएलच्या चिन्हाशिवाय दिले. या प्रामाणिकपणाचे मला कौतुक वाटते.

एक तक्रार आहे, आणि ती लहान नाही. पूर्ण पल्ला तपासण्यासाठी त्यांनी प्रवाहाची मर्यादा ५०० मिलिअँपिअरवर नेली होती आणि उपकरण तसेच परत आले. आमच्या डायोडची मर्यादा १२० आहे. बाहेरून आलेला कंट्रोलर प्रथम खोट्या भारावर (लेझरऐवजी जोडलेल्या भारावर) चालवायचा, हा आमच्याकडचा जुना नियम, म्हणून लेझर वाचला. कळवल्यावर त्यांनी दिलगिरी व्यक्त केली आणि आता ते परत जाणाऱ्या प्रत्येक कंट्रोलरच्या आउटपुटवर ‘मर्यादा पुन्हा लावा’ अशी लाल चिठ्ठी बांधतात. ग्राहकाच्या मूळ सेटिंग उतरवून घेऊन त्या पुन्हा भरून देणे हे मात्र त्यांच्या कामाच्या यादीत अजूनही नाही. तोवर आम्ही उपकरण पाठवण्यापूर्वी पडद्यावरच्या सगळ्या मर्यादांचे फोटो काढून ठेवतो.